पाचवी तार नंतर, आधी कीबोर्डवाल्याचा डावा हात

«काका, नमस्कार. मी 26 वर्षांची, दांडिया बाजारात राहते आणि मकरपुऱ्याला जीआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे. कॉलेजपासून बेस गिटार वाजवते. गेल्या नवरात्रीपासून एका सोसायटीच्या गरब्याच्या ऑर्केस्ट्रात आहे. दोन गायक, ढोली, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बँजो आणि मी. माझा बेस चार तारांचा, पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेला. घरी 15 वॅटचा अँप आहे, तोच स्टेजवर नेते. आवाज जाड यावा म्हणून टोनचा नॉब बंद ठेवते. तरी मी वाजवतेय हे कोणाला कळतच नाही. ढोली म्हणतो, "बेन, वगाडो छो के खाली ऊभां छो?" म्हणजे, वाजवताय की नुसत्याच उभ्या आहात? साउंडवाल्याने नॉब फिरवला की नुसती घुमघुम. मावशीने मोबाइलवर व्हिडिओ बघून विचारलं, तुझ्या गिटारीची वायर लावलेली होती ना? आईचं तर ठरलेलं आहे: पेटी शिकली असतीस तर निदान चार लोकांना ऐकू तरी आलं असतं. एक मित्र म्हणतो पाच तारांचा अॅक्टिव्ह बेस घे, दुसरा म्हणतो तुझ्या बेसचं लाकूडच हलकं आहे. शिवाय आमचे गायक पेटीच्या काळी दोन पट्टीत गातात, तिथे माझी जाड तार अर्ध्या सुराने कमी पडते. दुसऱ्या रात्रीपासून डावं मनगट दुखायला लागतं ते वेगळंच. 60,000 रुपये साठवले आहेत. पाच तारांचा घेऊ का?
— बेसवाली, दांडिया बाजार, बडोदा»

प्रिय बेसवाली,

नको घेऊस. या नवरात्रीआधी तर नकोच. तुझ्या पत्रातल्या तक्रारींपैकी पाच तारांच्या बेसने सुटणारी तक्रार एकच, काळी दोनची. ती फुकटातही सुटते, कशी ते पुढे सांगतो. बाकीचं सगळं आहे तिथेच राहील आणि गळ्यात आणखी जड धूड येईल. मनगट तर आत्ताच कुरकुरतंय.

आधी ऐकू न येण्याचं बघू. तू लिहिलेल्या माणसांमध्ये खालचे सूर कोण कोण वाजवतं ते मोज. ढोलाची धुमाची बाजू. ऑक्टोपॅडवरचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका. कीबोर्डवाल्याचा डावा हात. आणि तू. तळमजल्यावरच्या एका खोलीत चार भाडेकरू राहतायत आणि सगळ्यांत शेवटी आलेली तू, त्यामुळे तुझं सामान दाराबाहेर. साउंडवाला तुझा आवाज वाढवतो तेव्हा तो त्याच खोलीत आणखी सामान कोंबतो. घुमघुम येते ती तिथून.

आकड्यांत सांगतो, तू क्वालिटीवाली आहेस म्हणून. चार तारांच्या बेसवर खुल्या तारा 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झच्या. किक आणि ढोलाची धूम यांचा जोरही साधारण याच शेजारात. कीबोर्डवाला डाव्या हाताने षड्ज-पंचम धरतो तेही इथेच. आता पाचवी तार आणलीस तर ती 31 हर्ट्झची. सोसायटीच्या मैदानावर भाड्याने येणारे सब, म्हणजे खालच्या सुरांचे मोठे स्पीकर, बहुतेक 40 हर्ट्झच्या खाली दमतात. म्हणजे ऐकू येत नाही म्हणून तू जे विकत घेणार, ते आणखी कमी ऐकू येणार.

बेसचा सूर कानाला कळतो तो मूळ कंपनापेक्षा त्याच्या वरच्या पटींवरून. जाड तार 41 ला वाजते, पण तिच्यात 82, 124, 165 असे वरचे स्वरांशही असतात. स्पीकरने 41 दिलाच नाही तरी वरच्यांच्या आपसातल्या अंतरावरून मेंदू मूळ सूर ओळखतो. लहान रेडिओवर आपण जुन्या गाण्यांतला बेस ऐकत आलो तो असाच. मोबाइलचा इवलासा स्पीकर तर 200-300 हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही, तेव्हा मावशीची शंका रास्त होती. तिच्या फोनपर्यंत पोचेल असं तू काही पाठवलंच नव्हतंस, कारण वरचे बरेचसे अंश तू टोनचा नॉब बंद करून स्वतःच कापतेस.

तो नॉब उघड. पूर्ण उघड. घरी एकटीने वाजवताना आवाज कडक, काहीसा खरखरीत वाटेल, बोटांचा घासल्याचा आवाजही येईल. येऊ दे. एकट्याने ऐकताना जो बेस गोड लागतो तो सात जणांच्या घोळक्यात हरवतो, आणि जो एकट्याने थोडा उद्धट वाटतो तो बरोबर बसतो. साउंडवाल्याकडे व्हॉल्यूम मागू नकोस, मिड माग. 250 ते 800 हर्ट्झच्या दरम्यान थोडं वर आणि अगदी तळाचं, 40 च्या खालचं, कापून टाक म्हणावं. त्याच्या भाषेत सांगायचं तर, "भाई, बासमां थोडुं मिड आपजो, लो ओछो करजो." पहिल्यांदा तो तुझ्याकडे विचित्र नजरेने बघेल, कारण बेस वाजवणारे सगळे उलटंच मागतात.

हे झालं तरी कीबोर्डवाल्याचा डावा हात उरतोच, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. त्याला दोष देऊ नकोस. गरब्याच्या कितीतरी ग्रुपमध्ये बेस वाजवणारं कोणी नसतंच. तिथे तळ सांभाळायचं काम वर्षानुवर्षं कीबोर्डचंच. त्याच्या हाताला ती सवय आहे आणि बिचारा ती इमानाने पाळतो. तू आलीस म्हणून ती आपोआप जाणार नाही. त्याच्याशी सगळ्यांसमोर, स्टेजवर, साउंड चेकच्या गडबडीत बोलू नकोस. एका संध्याकाळी सेव-उसळ खायला घेऊन जा आणि सरळ सांग की दादा, मी वाजवत असताना डावा हात मधल्या सप्तकाच्या खाली नको, कॉर्ड वर धरा. मग दोघंच बसून एक गाणं तसं वाजवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकल्यावर त्यालाही फरक कळेल. त्याचे कॉर्डही मोकळे होतात, हा त्याचा फायदा. ऑक्टोपॅडवाल्याला इतकंच सांगायचं की किकचा लांब घुमणारा पॅच नको, आखूड आणि टणक असलेला ठेव.

ढोलीशी मात्र वेगळं वाग. त्याने तुला टोमणा मारला तो त्याच्या जागी बरोबर आहे. ढोलाशी बेसचं लग्न लागलं नाही तर गरब्यात बेस नुसता लोंबकळतो. त्याला काही बदलायला सांगायचं नाही, बदलायचं तू. हिंच सहा मात्रांचा. तू काय वाजवतेस ते लिहिलेलं नाहीस, पण अंदाज सांगतो: सहाच्या सहा मात्रा भरतेस, कारण गाणं पळत असतं आणि हात रिकामा राहिला की भीती वाटते. नवीन बेसवाले सगळे असंच करतात. पुढच्या तालमीला फक्त पहिली आणि चौथी मात्रा वाजव. गाणं संपेपर्यंत तिसरं काही नाही. त्यात ढोलीचा जड हात आणि तुझं बोट एकत्र पडू लागलं की मग सहावी मात्रा घे, पुढच्या समेवर ढकलणारी. आणि सूर कधी सुरू होतो याइतकंच तो कधी बंद होतो याकडे लक्ष दे. डाव्या हाताचा दाब सैल केला की तार गप्प होते, बोट उचलायचं नाही, फक्त सैल करायचं. ढोलाचा पुढचा ठोका येण्याआधी तुझा सूर संपलेला असला की ठोकाही स्वच्छ ऐकू येतो आणि तुझा पुढचा सूरही. माझ्या पाहण्यात लोक बेसवर हजारो रुपये घालतात आणि सूर बंद करायला कधी शिकतच नाहीत.

मैदानाची एक खोडही सांगून ठेवतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. समोरच्या इमारतीवर आपटून परत येणारा आवाज सतरा मीटर जाऊन सतरा मीटर परत आला तरी एक दशांश सेकंद उशिरा पोचतो, आणि बेसचा घुमार सगळ्यांत जास्त रेंगाळतो. मैदानातून येणाऱ्या आवाजावर ताल धरलास की तू मागे पडणार, आणि फेऱ्यात नाचणारे टाळी देणारे लोक तुझ्याही मागे. तेव्हा ढोलीच्या शेजारी उभी राहा, त्याच्या जड हाताच्या बाजूला, आणि कानांपेक्षा त्याच्या मनगटाकडे बघ.

आता काळी दोन. सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरव. ट्यूनर हाताशी असला की पाच मिनिटांचं काम. आता तुझ्या खुल्या तारा काय झाल्या ते पेटीवर मोज: जाड तार काळी दोन, तिच्यावरची काळी चार, मग काळी एक, आणि सगळ्यांत बारीक काळी तीन. चारही तारा काळ्या पट्ट्यांवर! आपल्याकडचे गायक नेमके याच पट्ट्यांत गातात. पुरुष काळी एक, काळी दोन, बायका काळी चारच्या आसपास. काळी दोनमध्ये गाणं असलं की सर्वांत खालचा षड्ज खुल्या जाड तारेवर आणि मध्यम तिच्या शेजारच्या तारेवर. काळी चारला तर आणखी मजा: षड्ज दुसऱ्या खुल्या तारेवर, मंद्र पंचम जाड तारेवर, मध्यम तिसऱ्या तारेवर. काळी एकला षड्ज, पंचम, मध्यम तिन्ही खुल्या तारांवर. डाव्या हाताला गाण्याच्या मधोमध विश्रांती मिळते, आणि तुझ्या मनगटाला ती हवीच आहे. गिटारच्या पुस्तकांत हे मिळणार नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना पेटीच्या पट्टीत गाणारे गायक सांभाळायचे नसतात.

उतरवलेल्या तारांचा ताण साधारण अकरा टक्क्यांनी कमी होतो. तार जरा लुळी वाटेल, फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडेल. तेव्हा एक नंबर जाड संच लाव. सध्या 45 ते 105 चा असेल तर 50 ते 110 चा. त्यानंतर सेटअप करून घे: ट्रस रॉड (नेकमधली सळई), तारांची उंची, ब्रिजवरचं इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर पडणं). ट्रस रॉडला स्वतः हात लावणार असशील तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि नट अडला तर तिथेच थांबायचं. आपल्या बडोद्यात पावसाळाभर लाकूड दमट हवा पितं आणि लगेच नवरात्र येतं. जूनमध्ये केलेला सेटअप सप्टेंबरात तसाच राहात नाही, म्हणून तो पाऊस ओसरल्यावर करायचा. रात्री मैदानात दव पडतं. आरतीच्या मध्यंतरात सगळे चहाकडे पळतात, तेव्हा तू ट्यूनर लाव.

मित्रांच्या वादातल्या लाकडाबद्दल मी थोडक्यात बोलणार आहे, कारण हा वाद संपत नाही आणि त्यातून कोणाचा बेस सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. पिकअप लोखंडी तारेची हालचाल टिपतो. पोकळ खोक्याच्या वाद्यात लाकडाचा जो मान, तो ठोकळ्याच्या वाद्यात राहात नाही. पिकअप तारेखाली नेमका कुठे बसवलाय, तारा किती जुन्या आहेत, बोट ब्रिजजवळ पडतं की नेककडे, या तिन्हींचा फरक मैदानात ऐकू येतो. लाकडाचा येत नाही. लिओ फेंडर यांनी 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा त्यांना उभ्या डबल बेसची जागा घेणारं, गाडीत मावणारं आणि गोंगाटात ऐकू येणारं वाद्य हवं होतं. फ्रेट लावल्यामुळे सूर अचूक पडतो, म्हणून नाव प्रिसिजन. स्वतः फेंडर गिटार वाजवत नसत. रेडिओ दुरुस्तीचा धंदा होता त्यांचा. तुझ्यासारखीच क्वालिटीची माणसं म्हणायला हरकत नाही. डेट्रॉईटचे जेम्स जेमर्सन 1962 सालच्या एका प्रिसिजनवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने, वर्षानुवर्षं न बदललेल्या गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांवर वाजवत राहिले आणि अमेरिकेतला निम्मा नाच त्यांच्यावर चालला. कॅरल के यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत तेच काम प्लेक्ट्रमने केलं. चार तारा, पॅसिव्ह, एक टोनचा नॉब. तुझ्याकडे आहे तेच.

तारांचं मात्र ऐक. तुझ्या तारा बहुधा राउंडवाउंड, म्हणजे गोल वेटोळ्यांच्या खरखरीत, असतील आणि त्या कॉलेजातल्याच असतील तर त्यांच्या वेटोळ्यांत घाम आणि तेल साचून त्या मेल्या आहेत. गरब्यासाठी ताज्या राउंडवाउंड घे, कारण तुला वरचे अंश हवे आहेत. फ्लॅटवाउंड भावगीतांना, सुगम संगीताला छान, पण ढोलासमोर त्या दबतात. जुन्या तारा फेकू नकोस. काढून, पाण्यात काही मिनिटं उकळून, नीट पुसून वाळवल्या की थोडे दिवस परत बोलतात. आईच्या रोजच्या भांड्यात उकळू नकोस, एवढं पथ्य पाळ.

अँप. 15 वॅटचा अँप मैदानात नेऊन काही होत नाही, तो घरी ठेव. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते, म्हणजे तुझ्या आत्ताच्या आवाजाच्या दुप्पट हवा तर 150 वॅट. असा अँप घेऊन सोसायटीच्या स्टेजवर चढवण्यापेक्षा एक चांगला डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणारी डबी, घे, अॅक्टिव्ह, कारण तुझा बेस पॅसिव्ह आहे. बेसची वायर डीआयमध्ये, तिथून थेट मिक्सरला. वायर पाच-सहा मीटरहून लांब नको, लांब वायरीत पॅसिव्ह पिकअपचा वरचा आवाज झिजतो, आणि तोच वाचवायची आपली खटपट चालली आहे. स्वतःला ऐकायला मॉनिटरमध्ये ढोल आणि तू, एवढंच माग.

आता एक गोष्ट जरा दरडावून सांगतो. मैदानावर एलईडीच्या भिंती, डिमर, जनरेटर, आणि बेसमधून हम्म येतो. मग कोणीतरी अनुभवी माणूस पुढे येतो आणि सांगतो, अँपच्या प्लगची तिसरी पिन काढ, हम्म जाईल. जातोही. पण तुझ्या बेसच्या तारा ब्रिजमधून, वायरीतून, अँपच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अर्थिंग काढलं आणि कुठे करंट उतरला की त्याला तुझ्या बोटांतून जायला मोकळी वाट. ओठ माइकला टेकले, पायाखाली दवाने ओलं गवत, मग पुढचं मी लिहीत नाही. हम्म घालवायला डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो दाबायचा. तिसऱ्या पिनीला कोणीही हात लावायचा नाही, ढोलीचा मोठा भाऊ असला तरी. मंडळाने स्टेजच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावलाय का, हे तू विचारायला लाजू नकोस. बाकी, तुझा बेस दोन पिकअपांचा, जॅझ पद्धतीचा असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवल्यावर हम्म बराच मरतो. प्रिसिजनचा 1957 नंतरचा दुभागलेला पिकअप मुळातच हम्म कापतो.

मनगट. बेसची तार साधारण 34 इंची, आणि पहिल्या चार फ्रेटांत चार बोटं चार फ्रेटांवर ताणून ठेवायची शिकवण तू गिटारवाल्यांकडून घेतली असशील. ती इथे सोड. डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत आहे, फ्रान्झ सिमांडल यांच्या नावाने चालते: खालच्या फ्रेटांवर पहिलं, दुसरं आणि करंगळी, तिसरं बोट करंगळीला मदत करतं, आणि हात तीन फ्रेटांएवढाच पसरतो. चौथा फ्रेट हवा असेल तर सबंध हात सरकवायचा. पाचव्या-सातव्या फ्रेटापुढे चार बोटं चालतील. पट्टा रुंद घे आणि थोडा वर बांध. बेस गुडघ्यापर्यंत लोंबत असला की मनगट काटकोनात वाकतं आणि दुसऱ्या रात्रीच हिशोब मागतं. अंगठ्याने नेक दाबून धरू नकोस. इतकं करूनही दुखणं राहिलं किंवा बोटांत मुंग्या आल्या, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव, आणि नवरात्र संपायची वाट बघत बसू नकोस.

आणि कानात प्लग घाल. ढोलीच्या शेजारी उभी राहा म्हणालो तो मीच, म्हणून हेही मलाच सांगायला हवं. 85 डेसिबल आठ तास चालतो असं धरलं तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. 100 डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. ढोलाशेजारी शंभर गाठायला फार वेळ लागत नाही, आणि अशा नऊ रात्री आहेत. वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळा आवाज सारखा उतरवतात. कापसाचे बोळे नकोत, त्याने वरचा आवाज तेवढा जातो आणि घुमार आत येतो.

आईचं बोलणं मनावर घेऊ नकोस आणि तिच्याशी वादही घालू नकोस. बडोद्याच्या मराठी घरात पेटीचं वजन मोठं असणारच. सयाजीराव महाराजांनी 1886 साली मौला बक्षांच्या हाताखाली इथे गायनशाळा काढली. ती परंपरा आज विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत चालू आहे. उस्ताद फैयाज खाँ याच दरबारचे. अशा गावात मुलगी मागे उभी राहून घुमघुम करते हे आईला कसं पटावं? तिला एक दिवस चांगले हेडफोन लावून दे. राहुल देव बर्मन यांच्या काळातली तिची आवडती गाणी लाव आणि सांग, बाकी सगळं सोड, सगळ्यांत खाली काय चाललंय ते गुणगुणून दाखव. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. रहमान यांच्याकडे कीथ पीटर्स. आणि मुंबईच्या मोहिनी दे या बेसवालीचा एखादा व्हिडिओ तिला दाखव, फोनवर नको, टीव्हीवर. मागे उभं राहणं हे बेसवालीच्या नशिबी लिहिलेलं नाही, हे बघून तुझी आई पेटी विसरेल असं मी म्हणत नाही. पण बेस तिला ऐकू आलेला असेल.

पैशांचं असं कर. तारा, सेटअप, डीआय, पट्टा, प्लग, एक ठीक वायर. यात तुझ्या 60,000 पैकी फार थोडे जातील. बाकीचे बँकेत राहू देत. दिवाळीनंतरही पाच तारांचा हवासा वाटला तर जरूर बघ, मी आडवा येणार नाही. काही गाण्यांना खालचा षड्ज खरोखर हवा असतो, आणि एकाच जागी हात ठेवून जास्त सूर मिळतात हा त्याचा खरा फायदा. दुकानात तो चांगल्या अँपवर, व्हॉल्यूम माफक ठेवून, पाचव्या तारेच्या पहिल्या पाच फ्रेटांवर वाजवून बघ. सूर स्वच्छ कळतो की नुसतं गुरगुरतं? स्वस्त बेस तिथेच उघडे पडतात. पट्ट्यावर अडकवून हात सोड. नेक खाली झुकला तर तो तोल नऊ रात्री तुझं डावं मनगटच सांभाळणार, म्हणून तो बेस दुकानातच राहू दे. काही पाच तारांचे बेस जाड तारेला ताण मिळावा म्हणून 35 इंची असतात, तुझ्या हाताला ते नकोत. अॅक्टिव्ह घेतलास तर बॅटरी संपली की बहुतेक मॉडेल जागीच गप्प होतात, जास्तीची नऊ व्होल्टची बॅटरी केसमध्ये ठेव.

नवीन तारा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी लावू नकोस. आठवडाभर आधी लाव, ओढून ओढून ताणून घे, रोज उतरलेल्या पट्टीत मिळव, आणि कीबोर्डवाल्याबरोबरची ती तालीम त्याच आठवड्यात उरकून टाक.